चढावर छातीत उठणारी कळ

येळ्ळूरच्या राजहंसगडावर शाळेची सहल नेण्याचा आमचा परिपाठ जुना आहे. हल्ली गडापर्यंत मोटारीचा रस्ता आहे. परंतु मुलांना गावापासून पायी चढविल्यावाचून सहलीचे सार्थक होत नाही, असे आमच्या कवायतीच्या शिक्षकांचे ठाम मत, आणि त्यांच्या मतापुढे मुख्याध्यापकांचेही फारसे चालत नसे. चढताना ते स्वतः सर्वांच्या पुढे असावयाचे. 2022 च्या डिसेंबरातील सहलीत मात्र ते मागे राहू लागले. दमलेल्या मुलांना हाकीत सर्वांच्या शेवटी येण्याचे काम माझे. त्यामुळे आमची वाटेत गाठ पडू लागली. पहिल्या वेळी ते एका दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधीत होते. शंभरेक पावलांवर पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी नीट पाहिले, तो नाडी सुटलेलीच नव्हती. बांधलेली गाठ ते सोडीत होते आणि पुन्हा बांधीत होते.

"तुम्ही चला की पुढं, आलोच मी," ते म्हणाले. पण वर पाहिले नाही. कपाळावर घाम होता आणि डावा हात छातीशी आवळलेला होता.

मी त्यांचे मनगट धरले. सातवीच्या वर्गाला नाडी मोजावयास मी दरवर्षी शिकवतो, त्यामुळे बोटांना थोडी सवय आहे. पाढे नीट पाठ नसलेला मुलगा जसा दोन आकडे घाईने म्हणतो, अडखळतो, पुन्हा तीन आकडे एका दमात म्हणून टाकतो, तशी ती नाडी चालली होती. एक ठोका जोराचा, दुसरा जेमतेम लागणारा. ठेका म्हणून काही नाहीच. पाच मिनिटे बसल्यावर त्यांचे दुखणे ओसरले. आणखी थोड्या वेळाने नाडीही सरळ चालू लागली, आणि ते जणू काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने उठले.

गडावरच्या तटाशी बसून त्यांनी मला सर्व सांगितले. दुखणे आठ महिन्यांचे होते. चढ आला, जिना आला, जेवणानंतर भरभर चालावे लागले की छातीच्या मध्यभागी कोणी मूठ आवळल्यासारखे होई व कळ डाव्या दंडात उतरे. थांबले की दोन-चार मिनिटांत सारे शांत. एका दवाखान्यात त्यास वायू ठरवून गोळ्या दिल्या होत्या. दुसरीकडे कार्डिओग्राम काढला. तो निर्दोष आला. घरी वहिनींना यातले काहीही ठाऊक नव्हते. वय 54, धाकट्या मुलीचे शिक्षण चालू, आणि ज्याने मुलांना धावावयास शिकवावयाचे त्याच्याच छातीत दुखते, हे शाळेत कळले तर काय होईल, ही धास्ती. म्हणून ती बुटाची नाडी.

मी डॉक्टर नव्हे, शाळामास्तर आहे. परंतु त्या दिवसानंतर त्यांच्याबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर पुष्कळ वेळ काढला, डॉक्टरांना शंका विचारल्या आणि मिळेल ते वाचले. त्या वाचनात एक फार जुनी हकीकत भेटली. आमच्या सरांच्या दुखण्याशी ती इतकी जुळणारी आहे की, आधी ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

लंडनमध्ये विल्यम हेबर्डेन या नावाचे एक नामांकित डॉक्टर होते. 1768 साली तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्यांनी छातीच्या एका विकारावर निबंध वाचला. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छातीत अशी घुसमटवणारी वेदना उठते की आता प्राण जाणार असे वाटावे. आणि माणूस उभा राहिला की ती नाहीशी होते. त्यांनी या विकारास 'अंजायना पेक्टोरिस' हे नाव दिले. म्हणजे छातीतील घुसमट. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत 'हृच्छूल' या नावाने हृदयातील शूलाचा निर्देश आहेच; पण चालणे व थांबणे यांच्याशी वेदनेचे असलेले नाते हेबर्डेनांनी फार स्वच्छपणे दाखवून दिले.

तो निबंध 1772 साली छापून आला. एका अनोळखी गृहस्थाच्या वाचनात तो आला आणि त्याने हेबर्डेनांना पत्र लिहिले. स्वतःचे नाव कळविले नाही. वय 52. चालताना डाव्या हातात व छातीवर वेदना उठते, पाऊल हळू करावे लागते, ही त्याची एक तक्रार. दुसरी तक्रार निराळी होती, आणि त्यानेही ती निराळीच मांडली आहे: बसलेला, उभा किंवा अंथरुणात पडलेला असतानाही त्यास अधूनमधून वाटे की शरीरातील सारा व्यवहार तीन-चार सेकंद थांबला आहे, मग हृदयाला एक धक्का बसून तो पुन्हा सुरू होई. आजचा वाचक यात नाडीचा चुकलेला ठोका ओळखील. आपण एकाएकी मरू असे त्या गृहस्थास वाटत होते. तसे झाल्यास आपला देह उघडून पाहावा, म्हणजे निदान इतरांस उपयोग होईल, असेही त्याने लिहून ठेवले. तीन आठवड्यांच्या आत तो खरोखरच एकाएकी वारला.

देह उघडला तो त्या काळातील थोर शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनी. शेजारी उभा होता त्यांचा तरुण शिष्य एडवर्ड जेन्नर. होय, देवीची लस ज्याच्यामुळे जगाला मिळाली तोच. महाधमनीवर काठिण्याचे थोडे ठिपके सोडले तर मृत्यूचे कारण म्हणावे असे काही सापडले नाही. हृदय निर्दोष आहे, असे लिहिले गेले.

पुष्कळ वर्षांनी जेन्नरने या प्रसंगाची आठवण लिहिली. त्या दिवशी हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या उघडून पाहिल्याच नव्हत्या, हे आपण जवळजवळ खात्रीने सांगू शकतो, असे त्याचे म्हणणे. दरम्यान दुसऱ्या एका मृताचे हृदय कापताना त्याची सुरी कशावर तरी इतकी खरकन अडली की, जुनाट छताचा गिलावा खाली पडला असावा असे वाटून त्याने वर पाहिले. पाहता तो हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्याच हाडासारख्या कठीण झालेल्या. पुढे खुद्द हंटर यांनाच हा विकार जडला. जेन्नरला कारण उमगले होते. परंतु गुरूच्या जिवाला घोर लागेल म्हणून त्याने ते प्रसिद्ध केले नाही. 16 ऑक्टोबर 1793 रोजी रुग्णालयातील एका सभेत कोणी विरोधाचे शब्द बोलले आणि हंटर तेथेच कोसळले. त्यांचे हृदय उघडले तेव्हा मात्र त्या वाहिन्या पाहिल्या गेल्या, आणि त्या कठीण झालेल्या होत्या.

त्या अनोळखी गृहस्थाला नेमके काय झाले होते, याचा निर्णय आता होणे नाही. पण 'काही सापडले नाही' आणि 'काही नव्हते' या दोन वाक्यांत किती अंतर असते, ते या हकीकतीत मला दिसले. आमच्या सरांचा कार्डिओग्राम निर्दोष होता. पण तो काढला होता खाटेवर निजवून, दुखत नसताना आणि नाडी सरळ चालली असताना. पाऊस नसताना छप्पर पाहिले आणि गळत नाही म्हणून सांगितले, तशातला हा प्रकार.

आता हृदय स्वतः काय खाते ते पाहू. साऱ्या देहाला रक्त वाढणारे हृदय आपल्या पोकळीतून एवढे रक्त जात असूनही त्यातून थेट काही घेऊ शकत नाही. महाधमनीच्या मुळाशीच दोन वाहिन्या फुटतात, त्यांस हृद्रोहिणी म्हणतात. त्या हृदयाच्या बाहेरून फिरून त्याच्या स्नायूत शिरतात आणि त्याचे पोषण करतात. हृदयाचे वजन 300 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे देहाच्या वजनाचा दोनशेवा हिस्सा. पण विश्रांतीतसुद्धा देहात फिरणाऱ्या रक्ताचा सुमारे विसावा हिस्सा त्याला लागतो.

गंमत पुढेच आहे. हृदयाचा डावा निलय, म्हणजे रक्त जोराने फेकणारा जाड कप्पा, आवळला जातो तेव्हा त्याच्या स्नायूतून जाणाऱ्या बारीक वाहिन्याही दाबल्या जातात. त्यामुळे त्याच्या वाट्याचे बहुतेक रक्त त्याला मिळते ते दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत. लग्नघरातील वाढप्याची स्थिती आठवा. पंगत बसली असता त्याला घास घेता येत नाही. एक पंगत उठली आणि दुसरी बसावयाची आहे, तेवढ्यात तो स्वयंपाकघरात जाऊन दोन घास खातो. पंगती सावकाश असल्या तर त्याचे पोट भरते. एकीवर एक बसू लागल्या की वाढायचे काम वाढते आणि खाण्याची फुरसत नेमकी तेव्हाच नाहीशी होते.

आकड्यांत सांगावयाचे तर मिनिटास 72 ठोके असता एका ठोक्याच्या वाट्याला 0.83 सेकंद येतो व त्यातला अर्ध्याहून अधिक वेळ विश्रांतीचा असतो. ठोके 150 झाले की वाट्याला 0.4 सेकंदच येतो. आवळण्याचा वेळ फारसा कमी करता येत नाही. कापला जातो तो विश्रांतीचा वेळ. शिवाय देहातील इतर स्नायू श्रमाच्या वेळी रक्तातून अधिक प्राणवायू ओढून घेऊ शकतात; हृदय मात्र विश्रांतीतच त्यातला तीनचतुर्थांशाच्या आसपास ओढून घेत असते. शिल्लक ठेवणीतली म्हणून काही नाही. मागणी वाढली तर अधिक रक्त आणणे, हा एकच मार्ग. निरोगी माणसाच्या हृद्रोहिणी सैल होऊन चारपाच पट रक्त आणतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. ते रक्त कोठे तरी अडले, किंवा मागणीच अवाजवी वाढली, की स्नायू उपाशी राहतो आणि दुखतो. थांबले की दुखणे जाते, त्याचे कारणही हेच. पंगत उठली.

येथे नाडीच्या अनियमितपणाचा संबंध येतो. सारीच अनियमितता एका जातीची नसते. पुष्कळ निरोगी माणसांना अधूनमधून एखादा ठोका वेळेआधी पडतो. तेवढ्यात हृदय पुरते भरलेले नसते, म्हणून तो मनगटाला लागत नाही. मग थोडी मोठी विश्रांती होते आणि पुढचा ठोका धाडकन बसतो. ठोका चुकला असे आपण म्हणतो तो हाच बहुधा. व्यायाम सुरू केल्यावर असे ठोके नाहीसे होत असतील तर ते सहसा निरुपद्रवी असतात. श्रमाने वाढत असतील तर मात्र तपासणी हवी.

दुसरी जात अधिक महत्त्वाची आहे, आणि आमच्या सरांची नाडी त्या जातीची निघाली. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना, म्हणजे अलिंदांना, एका सुरात आवळण्याऐवजी कापरे भरते. इंग्रजी नाव एट्रियल फिब्रिलेशन. डॉक्टर मंडळी त्यास 'ए-फिब' म्हणतात. मिनिटास 350 ते 600 अशा वेड्यावाकड्या विद्युत्-प्रेरणा त्या कप्प्यांत सैरावैरा धावतात. खालच्या निलयांच्या वाटेवर एक गाठ आहे, ती पहारेकऱ्यासारखी यातल्या पुष्कळशा अडवते म्हणून आपण जगतो. पण जेवढ्या सुटतात त्या कशाही क्रमाने सुटतात. म्हणून नाडीला ठेका राहत नाही. अलिंद धड आवळले जात नाहीत, तेव्हा निलय भरण्यात त्यांचा जो सुमारे पाचवा वाटा असतो तोही बुडतो. आणि माणूस चढू लागला की श्रमाच्या उत्तेजनाने पहारेकरी ढिला पडतो. निरोगी माणसाची नाडी जेथे हळूहळू 120 वर जावयाची, तेथे याची एकदम 170 वर उडी. हृद्रोहिणी अगदी स्वच्छ असल्या तरी एवढ्या घाईत स्नायूने खावे केव्हा?

मनगटावरची नाडी येथे फसवते, हे सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. घाईचे कित्येक ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत. छातीवर नळी लावून मोजले तर 140 आणि मनगटाला 110, असे होते. 2020 च्या साथीपासून घरोघर आलेली बोटाला लावण्याची यंत्रेही बोटापर्यंत आलेलेच ठोके मोजतात. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची जी युक्ती आम्ही वर्गात शिकवतो, ती अनियमित नाडीला लागू नाही. पुरे एक मिनिट मोजावे लागते. मी आता वर्गातही तसेच शिकवतो. मुलांना कंटाळा येतो, त्याला इलाज नाही.

सरांची पुढची हकीकत अशी. राजहंसगडाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो आणि त्यांनी माझ्यासमक्ष वहिनींना सांगितले. वहिनी रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. उठून आत गेल्या आणि जुन्या औषधांच्या चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन आल्या. त्यात एका चिठ्ठीवर रक्तदाब 160 च्या वर लिहिलेला होता, तीन वर्षांपूर्वीचा. त्या गोळ्या सरांनी महिनाभर घेऊन सोडून दिल्या होत्या.

हृदयाच्या डॉक्टरांनी आधी सविस्तर विचारले. केव्हा दुखते, किती वेळ, काय केले की थांबते. मग रक्त तपासले, कारण पांडुरोग असला तर रक्त वाहते पण त्यात प्राणवायू थोडा असतो, आणि गळ्यातील थायरॉईड ग्रंथी अति काम करीत असली तर नाडी उधळते व अलिंदांना कापरेही भरू शकते. ही दोन्ही कारणे साध्या तपासणीत कळतात आणि दोन्हींवर उपाय आहे. तरी ती कित्येकदा शेवटी आठवतात. सरांच्या बाबतीत दोन्ही नव्हती. ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र काढतात त्या इको तपासणीत झडपा ठीक निघाल्या. आपल्या देशात हे पाहणे फार अगत्याचे. लहानपणी घसा येऊन नंतर सांधे सुजणारा ज्वर झालेला असला तर हृदयाची द्विदल झडप पुढे अरुंद होते आणि अनियमित नाडीचे ते एक मोठे कारण ठरते. महाधमनीची झडप अरुंद झाली किंवा हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असला, तरीही श्रमाने छातीत दुखते. आणि अशा माणसास श्रम करताना घेरी आली तर तो धोक्याचा इशारा समजावा. सरांच्या डाव्या निलयाची भिंत थोडी जाड झालेली होती. ती वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने.

मग चालत्या पट्ट्यावरची परीक्षा. 1963 साली ब्रूस या अमेरिकन डॉक्टरांनी तिची रीत प्रसिद्ध केली. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. दुसऱ्या टप्प्यात सरांची नाडी बिथरली, 170 च्या पुढे गेली, आणि तीच मूठ छातीत आवळली गेली. डॉक्टरांनी पट्टा थांबविला. "हेच ना तुमचं दुखणं?" त्यांनी विचारले. सर नुसते मान हलवीत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. दुखण्याचे नव्हे. आठ महिन्यांनंतर कोणीतरी दुखताना पाहिले होते.

पुढे अंगावर चोवीस तास बाळगायचे नोंदयंत्र लावले. खिशात मावेल एवढे ते यंत्र. 1940 च्या दशकाअखेर अमेरिकेत नॉर्मन हॉल्टर यांनी त्याचा पहिला नमुना केला तेव्हा तो पाठीवर घ्यावा लागे आणि त्याचे वजन 38 किलोच्या आसपास होते! त्या नोंदीत चार वेळा अलिंदांचे कापरे सापडले. दोनदा सरांना कळलेही नव्हते. शेवटी अँजिओग्राफी झाली. हृद्रोहिणींत अडथळा म्हणावा असा नव्हता. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "सगळं साफ आहे म्हणतात. मग दुखतं कशानं?"

हा प्रश्न मला या साऱ्या प्रकरणाचे मर्म वाटतो. मोठ्या वाहिन्या साफ निघाल्या की पुष्कळ घरांत पेढे वाटतात आणि रुग्णाचे दुखणे मनाचे ठरवून मोकळे होतात. डॉक्टरांनी तसे केले नाही, हे सरांचे भाग्य. त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. जाड झालेल्या भिंतीला रक्त अधिक लागते, नाडी उधळली की ते मिळावयास वेळ उरत नाही. तेव्हा वाहिनी तुंबलेली नसतानाही स्नायू उपाशी पडतो. शिवाय अँजिओग्राफीत अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या दिसत नाहीत, आणि त्या गरजेप्रमाणे सैल होत नसतील तर त्यांचाही यात वाटा असू शकतो. तो किती, हे आपल्याला आज सांगता येत नाही, असेही ते म्हणाले. मला त्यांचा हा कबुलीजबाब फार आवडला.

बारीक वाहिन्यांचा हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. आपल्या घरांतील बायका पाणी भरताना, जिना झाडताना छातीत भरून आले तर 'दमले जरा' म्हणून पदराने वारा घेतात व कामाला लागतात. पुरुषाला कळ आली तर घर जागे होते. बाईची कळ चहाच्या कपात विरघळून जाते. हे लिहिताना मला माझ्या आईची आठवण होत आहे. असो.

औषधांविषयी थोडेच सांगतो, कारण ते काम डॉक्टरांचे. रोहिण्यांत अधिक रक्त आणावे हा एक मार्ग. हृदयाची मागणीच कमी करावी हा दुसरा. हा दुसरा विचार स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी 1960 च्या दशकात सिद्धीस नेला. उत्तेजनाचा संदेश हृदयापर्यंत पोहोचू न देणारी औषधे त्यांच्या संशोधनातून निघाली, आणि 1988 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सरांना त्याच कुळातील एक गोळी सुरू झाली. त्याआधी दीडदोनशे वर्षे डॉक्टरांचा भर डिजिटॅलिस या वनस्पतीजन्य औषधावर होता. विल्यम विदरिंग यांचा त्यावरील ग्रंथ 1785 चा. ते औषध आजही वापरात आहे, पण बसलेल्या माणसाची नाडी ते जितकी आवरते तितकी चढणाऱ्याची आवरत नाही. कापरे भरण्याची जागाच शोधून ती निकामी करण्याचा उपायही आता आहे. 1998 साली फ्रान्समधील बोर्दो येथील हायसाग्वेर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पुष्कळदा त्याचे मूळ असते. सरांवर तूर्त तशी पाळी आलेली नाही.

रक्त पातळ ठेवण्याची गोळीही त्यांना दिली आहे. तिचा दुखण्याशी संबंध नाही. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून राहते, त्याची गुठळी होते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. या गोळीने काही बरे वाटत नाही, म्हणून माणसे ती सोडून देतात. दात काढायचा आहे म्हणून आपल्या मनाने बंद करतात आणि पुन्हा सुरू करावयास विसरतात. हा आळस फार महाग पडतो.

उपवासाचे तसेच. आमच्या घरी रमजानमध्ये आणि शेजाऱ्यांच्या घरी नवरात्रात हेच पाहतो: उपास आहे म्हणून गोळी नाही. नाडी आवरणारी गोळी एकाएकी बंद केली तर नाडी पूर्वीपेक्षाही उधळू शकते. माझ्या मामूंनी एका रोज्याच्या संध्याकाळी मशिदीच्या पायऱ्यांवर हा अनुभव घेतला. गोळ्यांच्या वेळा सहरीला आणि इफ्तारीला बसविता येतात का, किंवा प्रकृतीला उपास मुळातच झेपेल का, हे महिना सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारावे. मामूंनी दुसऱ्या वर्षी विचारले. त्या वर्षी त्यांनी रोजे ठेवले नाहीत, आणि आजाऱ्याला तशी सवलत धर्मातच आहे.

सरांनी डॉक्टरांकडे जाताना एक वही नेली होती, ती त्यांच्या फार उपयोगी पडली. वही करण्याचे मी सुचविले. शाळामास्तरास दुसरे काय सुचणार! तारीख, वेळ, काय करीत होते, जेवून किती वेळ झाला होता, कळ कोठे उठली, किती मिनिटांनी गेली, नाडी सरळ होती की अडखळत. एवढेच. त्या अनोळखी लंडनकर गृहस्थाने आपल्या पत्रात याहून निराळे काय केले होते? 'छातीत कसेतरी होते' या एका वाक्यावर डॉक्टरांना फार काही करता येत नाही.

वहीत लिहीत बसू नये असेही एक दुखणे असते. विश्रांतीतच उठलेली कळ, थांबूनही दहा-पंधरा मिनिटांत न जाणारी, घाम व मळमळ यांसह येणारी, किंवा शुद्ध हरपणे. अशा वेळी सोडा, ओवा, हिंग, मालिश यांत घटका घालवू नये. 108 ला दूरध्वनी करावा आणि मोठे रुग्णालय गाठावे. स्वतः गाडी चालवीत तर मुळीच जाऊ नये. नव्यानेच सुरू झालेली किंवा पूर्वीपेक्षा कमी श्रमात उठू लागलेली कळही उद्यावर टाकू नये.

मग व्यायाम सोडावा काय? सरांचा हाच पहिला प्रश्न होता. निदान होईपर्यंत डॉक्टरांनी त्यांना चढ आणि धावणे बंद करावयास लावले. औषधे बसल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा त्याच पट्ट्यावर चढविले. चौथ्या टप्प्यापर्यंत नाडी 130 च्या आत राहिली आणि मूठ आवळली नाही. मग चालण्याची परवानगी मिळाली, आधी सपाटीवर. हेबर्डेनांच्या मृत्यूनंतर 1802 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एका रुग्णाचा उल्लेख आहे. तो रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापीत असे, आणि त्याचे दुखणे जवळजवळ गेले. सरांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी लाकडाची चौकशी केली. वहिनींनी ती तेथेच मोडून काढली.

दुखणे अगदी गेलेले नाही. थंडीच्या दिवसांत, पोटभर जेवणानंतर, क्वचित ते डोके वर काढते. वहीत मग एक ओळ वाढते. शाळेत सर्वांना ठाऊक आहे. ज्या भीतीने त्यांनी आठ महिने काढले ती खरी ठरली नाही. त्यांच्याकडची धावण्याची तुकडी तरुण शिक्षकाकडे गेली, एवढेच. ते त्यांना थोडे लागले.

परवाच्या सहलीत ते पुन्हा राजहंसगडाला आले. पायांत वहाणा होत्या. वाटेत दोनदा ते उभे राहिले, आणि मागून येणाऱ्या मुलांनी "सर, काय झालं?" असे विचारले तेव्हा म्हणाले, "थांबलोय रे. दोन मिनिटं बसा तुम्हीपण." मुले आनंदाने बसली. सरांनी दोन बोटे मनगटावर ठेवली आणि मला खुणेने घड्याळ पाहावयास सांगितले. पुरे एक मिनिट.